मागचा माणूस

आमची पोस्ट सोळा हजार फुटांच्या वर होती. नकाशावर तिला लांबलचक आकडा होता, आम्ही तिला 'तीन नंबर' म्हणायचो. फायबरचे चार निवारे, एक बंकर, रॉकेलचे जेरिकॅन आणि एकवीस माणसं. मी तिथे प्लाटून हवालदार होतो. नाव हणमंत पवार. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला माणूस. घरी बारमाही पाणी, दारात ट्रॅक्टर, आणि मला वेड लागलं ते बर्फाचं आणि कड्यांचं. आता सुभेदार होऊन पेन्शनीत आलो आहे. शाळा-कॉलेजवाले भाषणाला बोलावतात, शिखरावरचा माझा फोटो मोठा करून मागे लावतात. त्या फोटोची हकिकत मात्र मी कुठल्याही भाषणात सांगितलेली नाही. इथे सांगतो.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे प्रत्येकाने हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यावर उभं राहायचं. साडेसहाला बर्फ वितळवून चहा. आठला लिंक पार्टी. तीन-चार जवान खालच्या 'दोन नंबर' पोस्टपर्यंत जात आणि रॉकेल, डबाबंद भाजी, टपाल पाठीवर घेऊन येत. वाटेत एक नाला होता. पाण्याचा नव्हे, दोन उतारांच्या मधली बर्फाची घळ. ती ओलांडायला पन्नास पावलं पुरत, पण वरचा उतार कधी सुटेल याचा नेम नसे. तिथे दोर लावायचा आणि पार्टी पलीकडे न्यायची हे काम माझं, कारण माउंटेनिअरिंगचे तिन्ही कोर्स केलेला पोस्टवर मीच. जवान मला उस्ताद म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं.

नाईक धुळा कोळेकर माझ्या हाताखाली सेक्शन कमांडर होता. माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा, धनगराचा पोरगा. बुटका, छातीने रुंद, बोलायला कमी. ड्यूटी संपली की निवाऱ्याच्या कोपऱ्यात बसून लोकर कातायचा. नेमबाजीत बरा, रेडिओ सेटवर उत्तम. कामचुकार नव्हता. तरी मी त्याच्यावर दोन शिक्के मारून ठेवले होते आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

पहिला शिक्का, हा पुढे जात नाही. लिंक पार्टी असो की गस्त, धुळा सगळ्यांच्या शेवटी. मी दोर घेऊन पुढे, जवान मध्ये आणि हा मागे. मला वाटे, गडी भितो. आम्हा चढणाऱ्यांत पुढचा तो खरा, लीडर तो. मागे राहणारा म्हणजे दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकणारा. एकदा फॉल इनला, सगळे रांगेत उभे असताना म्हणालो, "कोळेकर, कवातरी आमाला तुजी पाठ बघू दे की!" सगळे हसले. तो पण हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेच.

दुसरा शिक्का त्याच्या सुट्टीचा. बाकीचे जवान दिवाळीला, गावच्या जत्रेला, बहिणीच्या लग्नाला सुट्टी मागत. धुळा दर वर्षी मे महिन्याच्या मध्यावर वीस दिवस मागायचा. त्या वर्षीही फेब्रुवारीतच माझ्याकडे आला.

"उस्ताद, मे म्हैन्यात वीस दिस लावा माजं."

"काय काम हाय?"

"मेंढरं कोकनातनं वर आनायची हायती."

"मेंढरांसाठी सुट्टी? लगीन हाय का काय त्येंचं?"

शेगडीभोवतीचे चारजण खो खो हसले. धुळा थांबला, त्यांचं हसणं संपू दिलं, मग म्हणाला, "तात्याला कडंचं दिसंना झालंय. डॉक्टर काचबिंदू म्हनतो. फुडचं दिसतं, बाजूचं न्हाई. घाटात म्हाबळेश्वरच्या मोटारी लय. मागं कुनीतरी लागतं."

"मग इकून टाक की मेंढरं."

"मेंढरं इकली तर तात्या गेल्यातच जमा, उस्ताद."

त्याच्या वडिलांचं नाव भिवा. सारं गाव त्यांना तात्या म्हणे. दसरा झाला की माणची मेंढरं कोकणात उतरतात, पावसाच्या आधी परत वर येतात. पोलादपूरहून आंबेनळीचा घाट, मग महाबळेश्वर, मग केळघरच्या घाटाने खाली मेढा, पुढे सातारा आणि माण. धुळाची आई वारली होती. तात्यांचा पुतण्या घोड्यांवर बिऱ्हाड घेऊन पुढच्या मुक्कामाला जाई आणि कळपाबरोबर तात्या एकटे. हा सगळा रस्ता मुक्कामांसकट धुळाने आम्हाला इतक्यांदा सांगितला होता की मला तो पाठ झाला होता. मी त्याची नक्कलही करायचो. मी लीव्ह प्लॅनमध्ये, म्हणजे सुट्ट्यांच्या यादीत, त्याचं नाव टाकलं. ओसी साहेबांनी, म्हणजे आमच्या कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी, मंजुरी दिली.

आता माझ्या सुट्ट्यांचं सांगतो, म्हणजे मी कोणाला हसत होतो ते कळेल. थोरली मुलगी झाली तेव्हा मी अॅडव्हान्स कोर्सला होतो. कोर्स बदलून मागता आला असता, मागितला नाही. वडिलांचं मांडीचं हाड मोडलं त्या वर्षी दोन महिन्यांची सुट्टी मिळाली. त्यातले घरी काढले अकरा दिवस. बाकीचे साताऱ्याच्या पोरांबरोबर महाबळेश्वरच्या कड्यांवर. बायको सुनंदा एकदाच बोलली. सॅक भरताना दारात उभी राहून म्हणाली, "सुट्टी कुनाची आसती वो, आमची का डोंगराची?" मी म्हणालो, तुला नाही कळायचं. ऊस तोडून न्यायला टोळी तिनेच आणली, वडिलांना उचलून बसवायलाही तीच. आणि असा मी, मेंढरांसाठी सुट्टी मागणाऱ्याला हसत होतो. दारू पिणाऱ्यांना, फोनवर रडणाऱ्यांना, घरची आठवण काढणाऱ्यांना, सगळ्यांना मी कच्चे म्हणायचो. मी पक्का होतो, कारण मला कोणाची आठवणच येत नव्हती.

एप्रिलच्या शेवटी सिग्नल आला. ब्रिगेडची एक्स्पिडिशन, बावीस हजार फुटांवरचं शिखर, आमच्या बटालियनमधून एक माणूस. मी त्या शिखराची दहा वर्षं वाट बघत होतो. अडचण एवढीच की पोस्टवरून एका वेळी दोनच माणसं बाहेर राहू शकत. एक जवान आधीच कोर्सला गेलेला. दुसरी जागा धुळाच्या सुट्टीची.

ओसी साहेब पोस्टवर आले होते. बंकरमध्ये विषय निघाला.

"पवार, तू जाएगा तो पोस्ट पर आदमी कम नहीं पड़ेंगे?"

"नहीं पड़ेंगे, साहब. कोळेकर की छुट्टी आगे कर देंगे."

"उसको ज़रूरी तो नहीं है?"

"नहीं, साहब. हर साल भेड़ों के लिए जाता है."

साहेब हसले आणि सही केली. त्यांनी मला नीट विचारलं होतं. मी 'ज़रूरी है' म्हणालो असतो तर त्यांनी मला पाठवलं नसतं, एवढे ते सरळ होते. म्हणून मी तसं म्हणालो नाही. तात्यांचे डोळे मला माहीत होते, घाट माहीत होता, मोटारी माहीत होत्या. तोंडातून मात्र 'भेड़ों के लिए' एवढंच निघालं.

धुळाला मीच सांगितलं. तो शेगडीवरचं बर्फाचं भांडं हलवत होता.

"किती फुडं जानार?"

"तीन आठवडं."

"तवर मेंढरं घरी पोचत्याल."

"मग ब्येसच झालं की. तुजं काम आपसुक झालं."

त्याने भांडं खाली ठेवलं.  त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "व्हय जी" म्हणाला. मी त्याला लिंक पार्टीचा चार्ज दिला. नाल्यातले दोर दाखवले. ताजा बर्फ पडला तर दोन दिवस थांबायचं, उन्हं तापली की नाल्यात पाऊल टाकायचं नाही, हे सांगितलं. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. निघताना माझी सॅक त्याने नाल्यापर्यंत आणून दिली.

एक्स्पिडिशनचं वर्णन करत नाही. ते मी भाषणांत पुष्कळ केलं आहे. तिसऱ्या कॅम्पवरून पहाटे दोनला निघालो. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी शिखरावर होतो. ऊन लखलखीत, वारा पडलेला. तिरंगा काढला, बटालियनचा झेंडा काढला, फोटो काढले. मी रडलो देखील, आनंदाने. इतका आनंद मला मुलीच्या जन्माचा झाला नव्हता, हे लाज वाटली तरी खरं आहे.

दुपारी साडेचारला दुसऱ्या कॅम्पवर उतरलो. बुटांची लेस सोडत होतो तेव्हा बेस कॅम्पवरून सेट वाजला.

"कॅम्प टू, कॅम्प टू, हवालदार पवार को सेट पर बुलाओ, ओव्हर."

मला वाटलं, शाबासकी. सेट घेतला.

"पवार बोलतोय, ओव्हर."

पलीकडे सुभेदारसाहेब होते. ते आमच्याच भागातले, मराठीत बोलले. "पवार, तीन नंबरच्या नाल्यात अॅव्हलांच आलं. लिंक पार्टी होती. दोन जवान सुखरूप. नाईक कोळेकर गेले. ओव्हर."

"टाइम काय, साहेब? ओव्हर." मी पहिली गोष्ट ही विचारली. सवयीने.

"झीरो नाईन झीरो फाइव्ह. ओव्हर."

नऊ वाजून पाच. त्याला बर्फातून काढलं ते एकला दहा मिनिटं कमी असताना. म्हणजे मी शिखरावर झेंडा धरून उभा होतो तेव्हा धुळा आत होता आणि पोस्टवरची माणसं फावड्यांनी, ताटांनी, हातांनी बर्फ उकरत होती. मी सेटवर 'रॉजर, आऊट' म्हणालो. मग तंबूत जाऊन बसलो. बाहेर पोरं माझ्यासाठी शिरा करत होती. त्यांना अजून कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी खाली बटालियनच्या बेसला पोचलो. वाचलेल्या दोघांपैकी सिपाही शेळके तिथे हॉस्पिटलच्या तंबूत होता, बावीस वर्षांचा. त्याने सांगितलं ते असं. पार्टी वेळेत होती. बर्फ ताजा नव्हता, ऊन तापलं नव्हतं, दोर ठीक होते. धुळाने आधी एकाला पाठवलं, मग शेळकेला, स्वतः अलीकडच्या काठावर उभा राहून वरच्या उताराकडे बघत राहिला. शेळके पलीकडे पोचायला दहा पावलं होती तेव्हा त्याच्या बुटाचा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारा लोखंडी काट्यांचा तळ, निसटला आणि तो खाली बसला. धुळा त्याच्याकडे धावत गेला.

"उस्ताद, त्येंनी मला दंडाला धरून उठवलं," शेळके म्हणाला. "मला फुडं ढकललं. म्हनले, तू हो फुडं, मी हाय मागं. मी काठाला लागलो आन् मागं वळून बघितलं तर कायबी नव्हतं. निस्ता पांढरा धुरळा."

मी तिथे असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मी पुढे असतो. पलीकडच्या काठावर उभा राहून दोर सांभाळत असतो. शेळके बसला असता तर मी ओरडलो असतो, 'ऊठ, लवकर ये.' त्याच्या मागे कोणी नसतं. म्हणजे मी वाचलो असतो आणि शेळके गेला असता. धुळा मागे राहायचा तो भिऊन नव्हे. कळपात लंगडं, गाभण, नुकतं व्यालेलं जे असतं ते मागे पडतं, म्हणून ज्याला जास्त कळतं त्याने मागे चालायचं, हे तो सहा वर्षांचा असल्यापासून शिकला होता. चौकशी झाली. चूक कोणाचीही नाही असा निष्कर्ष निघाला. बंकरमध्ये मी काय बोललो ते कुठल्याही कागदावर नव्हतं.

शवाबरोबर मला पाठवलं, जवळच्या भागातला म्हणून. पुण्याला संध्याकाळी उतरलो. तिथे कळलं की गावात त्याची बायको सखू हिला निरोप पोचला आहे, पण वडील मेंढरांबरोबर डोंगरात आहेत, त्यांच्या फोनला रेंज नाही, ते सापडत नाहीत. मी म्हणालो, मला माहीत आहेत कुठे असतील. ते त्या तारखेला कुठे असणार हे मला पाठच होतं.

शव सकाळी गावाकडे निघणार होतं. मी पहाटे चारला जीप घेऊन निघालो. साडेसातला मेढा, आठला केळघरचा घाट. मे महिन्यातला रविवार. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजत होते. तिसऱ्या वळणावर रांगेचं कारण दिसलं. दोन-अडीचशे मेंढरं रस्ताभर पसरलेली, मागची पांगलेली. पुढे लाल पटक्याचा, खांद्यावर घोंगडी घेतलेला म्हातारा काठी टेकत उतरत होता.

मी जीपमधून उतरून त्यांच्याकडे चालत गेलो. ऊन माझ्या पाठीमागे होतं. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरला. त्यांना वर्दी दिसली.

"धुळा? आलास व्हय रं?"

मी रस्त्यातच थांबलो.

"आरं बघतोस काय? मागं जा, मागं! दोन लंगडी ऱ्हायल्यात वळनावर. मोटारीखाली जात्याल की!"

मी मागे गेलो. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. वळणावर दोन मेंढ्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, एकीच्या पायाशी कोकरू. कोकरू उचललं, मेंढ्या हाकत आणल्या. एका गाडीवाल्याने काच खाली करून म्हटलं, "ओ मिलिटरी, बाजूला घ्या की लवकर!" मी कोकरू सावरलं. कळपाच्या मागे चालत राहिलो. सपाटी लागेपर्यंत पंचवीस मिनिटं. ती सगळी पंचवीस मिनिटं म्हातारा पुढून मोठ्याने बोलत होता, मागे न बघता, पोराशी.

"सुट्टी न्हाई म्हनली हुती सखू. कशी गावली?... पाऊस औंदा बिगीनं हाय म्हनत्यात... काळी मेंढी व्याली बरं का, दोन झाली तिला... लय बरं झालं आलास. घाटात माजा जीव ऱ्हात न्हाई रं."

एवढा आनंदी आवाज मी फार थोड्या माणसांचा ऐकला आहे. मी त्यांना तिथेच थांबवून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी गाड्या होत्या म्हणून आणि नंतर माझ्याच्याने होईना म्हणून. कोकरू माझ्या छातीशी होतं आणि माझे डोळे वाहत होते.

खाली नांगरलेल्या एका रानात त्यांनी मेंढरं घातली आणि माझ्याजवळ आले. माझा चेहरा जवळून बघितला. बराच वेळ बघितला.

"तुमी कोन?"

"हणमंत पवार, तात्या. धुळाचा हवालदार."

"आन् धुळा?"

मी टोपी काढली. ते खाली बसले नाहीत, ओरडले नाहीत. माझ्या हातातलं कोकरू घेतलं, काळ्या मेंढीजवळ नेऊन सोडलं. पुढच्या मुक्कामावरून पुतण्याला बोलावून मेंढरं त्याच्या हवाली केली. मग जीपमध्ये बसले. दहिवडीपर्यंत एकच प्रश्न विचारला. "मागं हुता?"

"व्हय. दोन पोरं वाचली त्येच्यामुळं."

"मागंच आसायचा त्यो," ते म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

दुपारी तीनला धुळाला निरोप दिला. शाळेच्या मैदानावर चिता रचली होती, आजूबाजूच्या दहा गावांतली माणसं आली होती. सलामीच्या फैरी झाडल्या तेव्हा त्याची चार वर्षांची मुलगी घाबरून सखूच्या मागे लपली. माझ्या फोनवर त्या दिवशी शिखराचे फोटो येत होते, बटालियनच्या ग्रुपवरून, खाली अभिनंदन, अभिनंदन. मी फोन बंद केला.

तात्यांना खरं काय ते सांगायचं हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पण मेलेल्याच्या घरात पहिल्या दिवशी सांगवेना. दिवसांना गेलो, तेव्हाही पाहुणे होते. परत पोस्टवर गेलो. वर्षभर सुट्टी घेतली नाही. पुढच्या मे महिन्यात वीस दिवस मागितले. आयुष्यात पहिल्यांदा डोंगर सोडून दुसऱ्या कामाला. कळपामागे चालायचं, घाट उतरवून द्यायचा आणि वाटेत बोलायचं, असं मनात होतं. सुनंदाला सगळं सांगितलं, बंकरमधल्या बोलण्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जावा. आन् खरं बोला."

मी थेट गावात गेलो, तात्या कुठल्या मुक्कामावर आहेत ते विचारायला. तात्या घरीच होते. अंगणातल्या बाभळीखाली बाजेवर बसलेले. मेंढरं नव्हती. वाघर गुंडाळून भिंतीला लावलेली, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. सखू म्हणाली, "दिवाळीच्या आदीच इकली. मागं जायाला कोन न्हाई." तात्यांना आता समोरचंही धड दिसत नव्हतं.

मी बाजेशेजारी जमिनीवर बसलो.

"तात्या, मला तुमास्नी कायतरी सांगायचंय."

"सांगा की."

"गेल्या साली धुळाची सुट्टी मंजूर हुती. मी ती फुडं ढकलली. साहेबांनी मला इचारलं, ह्येचं काम जरुरीचं हाय का. मी न्हाई म्हनलो. मेंढरांसाठी जातो म्हनलो. मला डोंगुर चढायला जायाचं हुतं, म्हनून. न्हाईतर त्यो त्या दिवशी घाटात तुमच्या मागं आसता."

सखू दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत गेली आणि भांडं पडल्याचा आवाज आला. तात्या हलले नाहीत. मला वाटलं, काठी उचलतील. उचलावी असं फार वाटत होतं.

"कंचा डोंगुर?" त्यांनी विचारलं.

"तिकडं, हिमालयात."

"वर देव हाय?"

"न्हाई, तात्या."

"चारा-पानी?"

"न्हाई. निस्तं बर्फ."

"मानसं ऱ्हात्यात?"

"कोनबी न्हाई ऱ्हात."

ते रागाने विचारत नव्हते. माणूस एवढ्या लांब कशाला गेला असेल, ते त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. तात्या म्हणजे आयुष्यभर डोंगर चढलेला-उतरलेला माणूस, विनाकारण एकदाही चढलेला नसावा.

"मग वर जाऊन काय केलं तुमी?"

मी उत्तर शोधलं. भाषणात मी धैर्य म्हणतो, देशाचं नाव म्हणतो. बाभळीखाली त्यातलं काही तोंडातून येईना.

"फोटू काढला, तात्या."

"बरं," ते म्हणाले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. मी तासभर बसलो. मग उठून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही डोक्यावर ठेवला नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले.

नाईक धुळा भिवा कोळेकर. वय एकतीस. मागे पत्नी सखू आणि एक मुलगी. त्याने दोन जवान नाल्यापलीकडे पोचवले. ते दोघे आज संसारात आहेत, शेळकेने मुलाचं नाव धुळा ठेवलं आहे. त्याच्या मृत्यूची नोंद निसर्गाचा कोप अशी आहे आणि ती खोटी नाही. तिच्यात एवढंच भरायचं राहिलं होतं की त्या दिवशी तो सुट्टीवर असायला हवा होता, आणि ती सुट्टी मी खाल्ली.